वानखेडे स्टेडियम आणि आपली कबड्डी

वानखेडे स्टेडियम तिकिटांच्या भांडणातून उभं राहिलं, हे नव्या पोरांना सांगितलं तर पटत नाही.

ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ चं. मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. बॉम्बे क्रिकेट असोसिएशन तिथं भाडेकरूसारखी. कसोटी आली की आपल्या वाट्याला जागा किती, यावरून हुज्जत ठरलेली. शेवटी असोसिएशनच्या शेषराव वानखेडेंनी ठरवलं, आपलंच बांधू! वानखेडे तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष. जमीन सरकारी, भाडेपट्ट्याची. साधारण १३ महिन्यांत काम उरकलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. हाकेच्या अंतरावरच्या ब्रेबॉर्नला पुढची कसोटी मिळाली ती थेट २००९ मध्ये.

आता आपल्याकडे बघा. अलिबाग तालुक्यात गावोगाव कबड्डी. मी वर्षानुवर्षं या स्पर्धांच्या बातम्या देतोय. मैदान म्हणजे कुणाचं तरी कापणी झालेलं शेत, नाहीतर शाळेचं पटांगण. अवकाळी आला की खेळ खलास. २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर आली, पण यू मुंबाही वरळीच्या डोममध्ये दुसऱ्याच्याच घरी खेळली.

क्रिकेटला जमीन मिळाली, कारण मागणारा सत्तेत होता. निवडणुकीत कबड्डीच्या स्पर्धा भरवणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना हे कोण विचारणार?