परतीची वाट : भीमथडीचे चालते संसार

प्रवास म्हटला की आगगाडी, आगबोट, विमान ही वाहने आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि प्रवासाचे स्थळ जितके दूर तितके त्याचे वर्णन अधिक रसाळ अशी आपली समजूत असते. अलीकडे युरोपातील कित्येक वयस्क जोडपी निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार घेऊन मोरोक्कोच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात आणि वसंत ऋतू लागला म्हणजे समुद्राच्या कडेकडेने घराकडे वळतात. घरच बरोबर घेऊन निघालेल्या या लोकांचे आपल्याला मोठे नवल वाटते. परंतु चाकांवाचून चालणारे घर घेऊन समुद्राजवळच्या मुलखात जाणारी व मृग नक्षत्राच्या आत परत येणारी जोडपी आपल्या बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. त्यांचे मात्र आपल्याला नवल वाटत नाही. फार तर रस्त्यात मेंढरे आडवी आली म्हणजे आपण मोटारीचा कर्णा वाजवितो. या धनगर कुटुंबांच्या परतीच्या वाटेचा इतिहास आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्रथम ही मंडळी घर सोडतात का, ते पाहू. बारामती-इंदापूरचा प्रदेश पर्जन्यछायेत आहे. वर्षाकाठी वीस इंच पाऊस पडला तरी येथला शेतकरी समाधान मानतो. उलट सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. दिवाळी झाली की आपल्याकडील माळाचे गवत वाळून संपू लागते, त्याच सुमारास कोकणात भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी होतात. मेंढरांना चारा हवा असतो आणि खाचरांना खत हवे असते. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो व मोबदल्यात धान्य किंवा रोकड देतो. हा व्यवहार बहुधा तोंडीच चालतो.

पण जो पाऊस भाताला जीवन, तोच आपल्या दख्खनी मेंढीला मरण. सततच्या ओलीने तिचे खूर कुजतात, लोकर भिजून अंग गारठते व रोगराई शिरते. तेव्हा कोकणात पावसाची पहिली सर येण्यापूर्वी घाट चढून वर आलेच पाहिजे. येथे हौसेला जागा नाही. आठ दिवसांचा उशीर म्हणजे कदाचित अर्ध्या कळपाचा नाश. पंचांगातील मृग आपण पाहतो तो बहुधा पेरणीसाठी. धनगर तो पाहतो परत फिरण्यासाठी.

हा नियम केवळ आपल्याच देशातला आहे असे नाही. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील बर्का प्रांतात बदाऊनी अरब हिवाळ्यातील पावसाबरोबर दक्षिणेकडे वाळवंटाच्या बाजूस उतरत आणि उन्हाळा लागला म्हणजे किनाऱ्यालगतच्या हिरव्या डोंगराकडे परत येत. आपले लोक पावसापासून दूर येतात, ते पावसामागून जात. दिशा निराळ्या, परंतु आकाशाकडे पाहून संसार हलविण्याची विद्या एकच. युरोपातील अशा ऋतुमानानुसार होणाऱ्या पशुपालकांच्या प्रवासाला युनेस्कोने २०१९ साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ राने व पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले. जगाच्या व्यासपीठावर ज्या गोष्टीचा असा गौरव होतो, ती आपल्या दारावरून दरसाल जाते.

आता हे चालते घर कसे असते ते पाहा. घर म्हणजे एक घोडी. तिच्या पाठीवर घोंगड्या, वाकळा, भांडीकुंडी, पिठाची पिशवी, पालाचे कापड, मेंढरांभोवती लावावयाची वाघर म्हणजे जाळी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतीच जन्मलेली दोन-चार कोकरे, आणि या सगळ्याच्या शेंड्यावर एखादे लहान मूल! अशी चार-सहा बिऱ्हाडे मिळून एक वाडा होतो. आपल्या भाषेत वाडा म्हणजे दगडी भिंतींचे, न हलणारे घर. यांच्या भाषेत मात्र वाडा चालतो.

या प्रवासातील एक गोष्ट फार मनोवेधक आहे. नवरा-बायको एकाच गावाहून निघून एकाच गावी पोचतात, पण वाट एक नसते. पुरुष मेंढरे व कुत्री घेऊन चरत चरत आडरानाने जातो. स्त्री घोडी घेऊन सरळ वाटेने पुढे होते. मुक्कामाची जागा गाठून ओझे उतरविणे, पाल ठोकणे, पाणी आणणे, तीन दगडांची चूल मांडणे, कोकरांची व मुलांची देखभाल करणे हे सर्व तिचे काम. सायंकाळी कळप येतो तेव्हा घर उभे असते. पहाटे कळप हलतो तेव्हा ती घर मोडून पुन्हा घोडीवर लादते. दिवसाला तीन-चार कोस या हिशेबाने समुद्रापासून घरापर्यंत ती किती वेळा घर मोडते व उभे करते, याची गणती कोणत्याच बखरीत नाही. घाट चढून भोरच्या बाजूने वर आले म्हणजे नीरेचे खोरे लागते, आणि ते पूर्वेकडे उतरत थेट आपल्या मुलखात येते. नीरा पुढे इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंगपुराशी भीमेला मिळते. माहेरच्या वाटेवर पाय आपोआप उचलतात, तसे नीरा दिसली की घोडीसुद्धा झपाट्याने चालते, असे हे लोक सांगतात.

या घोडीचा इतिहास मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. भीमा व नीरा या नद्यांकाठच्या मुलखास भीमथडी म्हणतात. पूर्वी याच नावाचा तालुका होता व बारामती हे त्याचे ठाणे होते. येथले तट्टू अंगाने लहान, खुराचे कठीण, थोड्या चाऱ्यावर राहणारे व दगडधोंड्यांत न अडखळणारे. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, तेव्हापासून पेशवाई बुडेपर्यंत या मुलखाने मराठी फौजांना माणसे व घोडी पुरविली. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शत्रूच्या जड फौजेस हुलकावणी देऊन एका रात्रीत दूरचा पल्ला गाठण्याचे जे कसब मराठ्यांच्या नावे सांगतात, त्यात स्वाराइतकाच या चिवट जनावराचा वाटा आहे.

१८१८ साली पेशवाईचा शेवट झाला आणि बहुतेक घोडदळ मोडले. स्वार गावोगावी परतले. तट्टांना गिऱ्हाईक उरले नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८५८ साली पुण्याहून दिकसळपर्यंत आगगाडी आली, आणि लमाण व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ओझ्याच्या तट्टांचाही काळ सरला. अशा वेळी या जातीला आश्रय दिला तो राजांनी नव्हे, सरदारांनी नव्हे, तर धनगरांनी. ज्या घोडीच्या पाठीवर एके काळी जीन होते, तिच्या पाठीवर पाळणा आला. अलीकडे सरकारी संस्थेने भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदली आहे. तो मान या चालत्या घरांच्या मालकिणींचा आहे, असे मला वाटते.

घोडी राहिली, वाट मात्र अरुंद होत गेली. इंदापूर तालुक्याचे नाव महसुलाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. प्रिंगलसाहेबाने बसविलेला सारा इतका जड झाला की कित्येक कुळे जमिनी टाकून गेली. म्हणून १८३५-३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी येथे नवी पाहणी केली, आणि तीच पुढे मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा नमुना ठरली. ओसाड पडलेली जमीन पुन्हा नांगराखाली आली. शेतकऱ्यास ही गोष्ट खरोखर उपकारक झाली, पण माळाला नंबर पडला आणि चराऊ रान घटू लागले. १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. पुढे साखरेचे कारखाने निघाले, वालचंदनगर वसले, उसाचे मळे पसरले. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले व भीमाकाठची जुनी गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे अजून डोके वर काढते. या कालव्यांनी व धरणाने दुष्काळी मुलखाला अन्न दिले. त्यांची निंदा करण्याइतका मी कृतघ्न नाही. पण त्या जमाखर्चात एक रक्कम मांडावयाची राहून गेली. कडबनवाडीसारख्या ठिकाणी जे गवताळ माळ उरले आहेत, तेथे चिंकारा व लांडगा दिसतो म्हणून आपण आज आनंद मानतो. त्याच गवतावर एक मनुष्यजातही जगत आली, हे सहसा ध्यानी येत नाही.

ही रक्कम मांडण्याचे विसरणाऱ्यांत मीही होतो. मी याच भागात शाळामास्तर होतो. दरसाल दिवाळीनंतर हजेरी घेताना चार-पाच नावांपुढे उत्तर येत नसे. मी 'गैरहजर' लिही, आणि ठराविक दिवस उलटले की नियमाप्रमाणे नाव कमी करी. एका वर्षी जेष्ठात एक धनगर मुलाला घेऊन शाळेत आला. मुलगा हुशार होता. अंकगणितात वर्गात पहिला. मी म्हणालो, "सहा महिने मूल शाळेत नाही. याला त्याच इयत्तेत बसावे लागेल. तुम्ही याला गावी का ठेवीत नाही?" तो शांतपणे म्हणाला, "पोरगं ठेवतो, गुरुजी. मेंढरांनी इथं उन्हाळ्यात काय खायचं, तेवढं तुम्ही सांगा." त्याची बायको दाराबाहेर घोडी धरून उभी होती. ती म्हणाली, "आन् पोराला भाकरी कोन घालंल, त्येबी सांगा." मला दोन्ही प्रश्नांचे उत्तर देता आले नाही. इतिहास शिकविताना मी मुलांना शिलेदार व बारगीर यांतील भेद घोकून घेत असे. आणि त्याच इतिहासाचे वारस हजेरीपुस्तकातून खोडीत असे. तो मुलगा पुढच्या वर्षी आला नाही.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. मुलांसाठी वसतिगृहाची सोय, दर कोसा-दोन कोसांवर पाण्याचा हक्क, आणि गावच्या नकाशावर गाडीवाटेप्रमाणे मेंढरांची वाटही दाखविणे, या काही अशक्य गोष्टी नाहीत. कळप विकून शहरात चाकरी धरावी असे एखाद्या तरुण जोडप्यास वाटल्यास त्यांना दोष देता येणार नाही. मात्र ती त्यांची निवड असावी. वाट बुजली म्हणून आलेली लाचारी नसावी.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांनी तुकोबारायांच्या पालखीबरोबर बारामतीहून इंदापूरकडे वाटचाल केली असेल. वाटेत काटेवाडीला पालखी थांबते आणि तिच्याभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. धनगर पुढे धावतो, त्याच्यामागे कळप धावतो. पाहणारे हात जोडतात. कोकणच्या बाजूला गेलेले कळपही तोवर घाट चढून घरच्या माळावर आलेले असतात. पुढच्या वारीत ते रिंगण पाहाल तेव्हा गर्दीच्या कडेला जरा दृष्टी टाका. तेथे कदाचित एखादी बाई घोडीचा दोर धरून उभी असेल. तिला वाट द्या, आणि जमल्यास विचारा, "यंदाची वाट कशी होती, बाई?" एवढे विचारण्याचे माझ्याने कधी झाले नाही, म्हणून आज आपल्याला सांगितले.