दिवेलागणीच्या आत

मराठीत 'टीनएजर' या शब्दाला घरगुती प्रतिशब्द नाही. 'किशोर', 'कुमार', 'पौगंडावस्था' हे शब्द आहेत, परंतु त्यांचा वावर पाठ्यपुस्तकांत, मासिकांच्या मुखपृष्ठांवर आणि वैद्यकीय लेखांत. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये मासिक सुरू केले तेव्हा त्याचे नाव 'किशोर' ठेवले. पण ते वाचणाऱ्या मुलाला त्याच्या घरी कोणी किशोर म्हटले नसेल, ते त्याचे पाळण्यातले नाव असल्याखेरीज! घराची भाषा निराळी. मुलगी 'मोठी झाली', 'शहाणी झाली' असे घर म्हणते. मुलाला 'मिसरूड फुटले', 'घोडा झाला तरी अक्कल नाही' असे म्हणते. मुलीबद्दलच्या शब्दप्रयोगात काहीतरी संपल्याची सूचना असते, मुलाबद्दलच्या शब्दप्रयोगात रागाआड दडलेली सवलत असते. सोळाव्या वर्षी पुत्राशी मित्रासारखे वागावे, असे सांगणारे संस्कृत सुभाषित आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मुलीशी कितव्या वर्षापासून मैत्रिणीसारखे वागावे, हे सांगणारे सुभाषित मात्र निदान आमच्या ऐकिवात नाही.

शब्दांचा हा तुटवडा इतिहासाने निर्माण केला आहे. बालपण आणि संसार यांच्यामधले सहा-सात वर्षांचे हे वय मराठी घरात जन्मले नाही. ते बाहेरून घरात आले, असे आमचे म्हणणे आहे. कायद्याने त्याला जागा करून दिली, शाळेने ती वाढवली, आणि मेळे, शाखा, सहली, शिबिरे यांनी त्या जागेत वस्ती केली. या वयाचा इतिहास लिहायचा तर जन्मतारखांपेक्षा घराघरांत विचारल्या गेलेल्या एका साध्या प्रश्नाकडे पाहावे लागेल: "किती वाजता परत येणार?" दिवेलागणीच्या आत घरी यावे, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा अलिखित कायदा होता. तो कोणासाठी, केव्हा आणि कोणत्या निमित्ताने सैल झाला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण व प्रतिष्ठित घरांपासून आरंभ करू. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ चा, विवाह १८७३ चा. आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी विवाहित आणि चौदाव्या वर्षी माता झाल्या. ते मूल अवघे दहा दिवस जगले. आज ज्या वयाची मुलगी आठवी-नववीच्या वर्गात असते, त्या वयात त्या काळची मुलगी एका घराची सून होती. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या ग्रंथात रमाबाईंनी आपल्या शिकण्याला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी केलेल्या विरोधाचे जे वर्णन केले आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्या घरात मुलीचे शिकण्याचे वय असे काही असू शकते ही कल्पनाच नवी होती. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झालेली शाळा निघाली, तेव्हा अभ्यासक्रमाइतकाच वाद शाळेच्या वेळेवरही झाला. मुलींना अकरा ते पाच अशी पूर्णवेळ शाळा नको, दोन-तीन तास पुरेत, म्हणजे घरकामाला वेळ राहील, असा आग्रह टिळकांच्या 'मराठा' पत्रातून धरला गेला. मुलीने घराबाहेर किती वाजेपर्यंत राहावे, हा प्रश्न असा पहिल्यांदा सार्वजनिक चर्चेत आला.

कायद्याची पावले मंद होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली आणि तेवढ्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलींसाठी चौदा व मुलांसाठी अठरा ठरवले. तो १ एप्रिल १९३० पासून अमलात येणार म्हणून आधीच्या महिन्यांत देशभर घाईने लग्ने उरकण्यात आली. १९४९ साली मुलींची मर्यादा पंधरा झाली, १९७८ साली अठरा. म्हणजे दहा ते अठरा हे अंतर कापायला आपल्या कायद्याला सत्त्याऐंशी वर्षे लागली. कायदा बदलला म्हणून घर लगेच बदलत नाही हे खरे. पण मधल्या रिकाम्या वर्षांत मुलीचे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक सुधारणेनंतर घरासमोर उभा राहिला आणि त्याचे उत्तर बहुधा शाळा हेच निघाले.

याचा अर्थ जुन्या घरात या वयाला मोकळीक मुळीच नव्हती असा नाही. भोंडला किंवा हादगा आठवावा. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, शेवटी खिरापत ओळखायची आणि मग दुसऱ्या घरी जायचे. आश्विनातल्या त्या दिवसांत मुलींना संध्याकाळी घरोघर हिंडण्याची मुभा असे. त्यांनी गायची गाणी मात्र सासर-माहेराची, सासूच्या जाचाची. खेळता खेळता पुढच्या आयुष्याची तालीमच ती! मंगळागौर तर याहून बोलकी. नवविवाहितेने पाच वर्षे श्रावणात हे व्रत करायचे आणि झिम्मा-फुगड्या, पिंगा घालत रात्र जागवायची. लग्न नवव्या-दहाव्या वर्षी होत असे तेव्हा ही पाच वर्षे म्हणजे नेमके तेच वय, ज्याला आपण आज किशोरवय म्हणतो. संसाराच्या ओझ्याखाली गेलेल्या मुलीला वर्षातून काही रात्री समवयस्क मैत्रिणींमध्ये दंगा करायला मिळावा, याची ही व्रताच्या आधाराने केलेली तजवीज म्हणता येईल. देवाचे निमित्त असले की दिवेलागणीचा नियम शिथिल होत असे. हे सूत्र लक्षात ठेवावे, कारण पुढल्या काळात निमित्ते बदलली तरी रीत हीच राहिली.

अर्थात हा सारा नियम एका थरापुरता होता. शेतकरी, कारागीर आणि मजूर घरांतील मुले-मुली दिवेलागणीला घरी परतत ती खेळून किंवा हिंडून नव्हे, कामावरून. गुरे वळणारा पोरगा आणि खुरपणीला जाणारी पोर यांना घराबाहेर पडायला परवानगी लागत नव्हती. घरी बसायची सोय त्यांना नव्हती. किशोरवय ही सवड आहे, आणि सवड सर्वांना सारखी वाटली गेलेली नाही, ही गोष्ट या विषयावर लिहिताना विसरता येत नाही.

मुलांच्या संध्याकाळीला सार्वजनिक रूप आले ते गणेशोत्सवाने. १८९३ च्या दंगलींनंतर पुण्यात उत्सवाला जे नवे वळण लागले, त्याचा एक हेतू हिंदूंना मोहरमच्या ताबुतांपासून दूर करण्याचा होता, हे नोंदवून पुढे जावे लागते. १८९४ पासून मेळे निघू लागले. मेळ्यात प्रामुख्याने शाळकरी आणि तरुण मुले असत. एकसारखा पोशाख, पाठ केलेली पदे, आणि उत्सवाआधी कित्येक दिवस चालणाऱ्या तालमी. तालमीमुळे मुलाला दिवे लागल्यानंतरही बाहेर राहण्याचे सन्मान्य कारण मिळाले. १९२० च्या दशकात जेधे-जवळकरांच्या ब्राह्मणेतर चळवळीने छत्रपती मेळा काढला, पुढे आंबेडकरी जलसे गावोगाव हिंडू लागले. विचार परस्परविरोधी, पण मिसरूड फुटलेल्या मुलाच्या हाती झांज आणि तोंडी पद देऊन त्याला चारचौघांत उभे करण्याची पद्धत सर्वत्र तीच. १९२५ साली नागपुरात संघाची स्थापना झाली आणि सायंशाखा ही अनेक घरांतील मुलांची नित्याची गोष्ट बनली. मुलांचा प्रश्न असा प्रत्येक पंथाने आपापल्या परीने सोडवला होता. मुली मात्र या संध्याकाळीत जवळजवळ नव्हत्या.

म्हणूनच १९४१ साली पुण्यात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाचे महत्त्व आम्हाला त्याच्या राजकीय भूमिकेइतकेच घराच्या इतिहासात वाटते. सेवा दलात मुलगे आणि मुली दोघेही असत. मैदानावरचे खेळ, समूहगीते, बौद्धिके, शिबिरे यांत मुली आल्या. पुढे कलापथकाच्या दौऱ्यांत वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्या मार्गदर्शनाखाली मुलीही गावोगाव गेल्या. दौरा म्हणजे परगावी मुक्काम. मुलीचा लग्नाआधीचा परगावचा मुक्काम नातेवाइकांकडेच असायचा, या रूढीला येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर छेद गेला. व्रताच्या जागी देशकार्य आले, साने गुरुजींचे नाव आले, आणि त्या नावावर विश्वास ठेवून वडिलांनी मुलींना पाठवले. निमित्त पवित्र असावे लागते, ही रीत येथेही टिकून होती.

यानंतरचे निमित्त शैक्षणिक सहलीचे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढल्या काही दशकांत गावोगावच्या शाळांना गड, लेणी, धरणे आणि समुद्र आवाक्यात आले. शालेय सहलींना भाड्यात मिळणाऱ्या पन्नास टक्के सवलतीने शिक्षक-मुलांच्या किती पिढ्यांना प्रतापगड आणि वेरूळ दाखवले! पुरी-भाजीचा डबा, गाण्याच्या भेंड्या, खिडकीच्या जागेवरून भांडणे, पालकांच्या सहीचे संमतिपत्र हा सगळा संच आता आपल्या सामुदायिक स्मृतीचा भाग झाला आहे. त्यातल्या संमतिपत्राकडे जरा थांबून पाहावे. मुलगी घराबाहेर जाईल की नाही, हे पूर्वी कोणी कागदावर विचारत नव्हते. संमतिपत्राने तो प्रश्न लेखी केला आणि सहलीच्या पैशांसह घराला 'हो' किंवा 'नाही' म्हणणे भाग पाडले. 'नाही' म्हणणाऱ्या घरांची कारणे दोनच असत: एकतर पैसे नाहीत, नाहीतर मुलगी मोठी झाली आहे.

आमच्या व्यवसायात हाच प्रश्न राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने येतो. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत सात दिवसांचे निवासी शिबिर असते. विद्यार्थी एखाद्या खेड्यात राहून श्रमदान करतात, सर्वेक्षण करतात, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम सादर करतात. महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणाही अध्यापकाला ठाऊक असते की शिबिराची खरी तयारी बंधाऱ्याच्या जागेपासून नव्हे, पालकांच्या शंकांपासून सुरू होते. मुली झोपणार कुठे, मॅडम सोबत आहेत ना, शेजारची अमुक येते आहे का? या शंकांना हसू नये. शंभर वर्षे जी सवलत फक्त निमित्ताने मिळत आली, ती देताना घर अशाच खात्र्या मागणार. मात्र सात दिवसांनी परतलेली मुलगी वर्गात पहिल्यापेक्षा मोठ्याने बोलते, हा आम्हा सर्वांचा अनुभव आहे.

ही वाटचाल सरळ पुढे जाणारी आहे असे कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले आणि त्यानंतर सहलींवरील अटी कडक झाल्या. ते आवश्यकच होते. पण जोखीम नको म्हणून सहलच नको, हा सोपा मार्गही काही ठिकाणी निवडला गेला. ग्रामीण मुलीची संध्याकाळ तर आजही एसटीच्या वेळापत्रकाने ठरते. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास हातात असला, तरी शेवटची गाडी साडेपाचची असेल तर साडेसहाची नाट्यतालीम तिच्यासाठी नसतेच. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला, तेव्हा बाहेरगावच्या मुली वर्गातून दिसेनाशा झाल्या. मुलगे कोणाच्या तरी दुचाकीवर बसून येत राहिले. दिवेलागणीचा जुना कायदा बाहेर पडण्याचे साधन नाहीसे होताच किती सहज परत येतो, हे त्या महिन्यांनी दाखवले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ या वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. पाचांपैकी एकीहून अधिक मुलींना ही मधली वर्षे पुरती मिळालेलीच नाहीत.

शहरात वेगळेच घडते आहे. तेथे मुलांची संध्याकाळ क्लासने व्यापली आहे. स्पर्धापरीक्षेचा क्लास हे आजचे सर्वांत पवित्र निमित्त. त्यासाठी मुलगी रात्री नऊलाही परतते आणि कोणी भुवई उंचावत नाही. तिची खबर खिशातला मोबाईल देत असतो. पण मेळा, शाखा, दौरा, सहल, शिबिर या सर्वांत एक समान गोष्ट होती: तेथे समवयस्क मुले एकत्र येऊन एखादे काम तडीस नेत, भांडत, समेट करीत. क्लासमध्ये शेजारी बसलेला मुलगा प्रतिस्पर्धी असतो. बाहेर राहण्याची मुदत वाढली, पण बाहेर जाऊन कोणासोबत काय करायचे ते आकसले. आमच्या पिढीच्या पालकांनी आणि अध्यापकांनीही याचा हिशेब मांडायला हवा.

या इतिहासाची साधने दप्तरखान्यात फारशी सापडणार नाहीत. ती कपाटातल्या गटछायाचित्रांत, मेळ्याच्या पदांच्या वह्यांत, आणि मुख्यतः घरातल्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणींत आहेत. वाचकांना आमची एवढीच विनंती की आपल्या आईला, मावशीला, आजीला एकदा विचारावे: लग्नाआधी नातेवाइकांच्या घराबाहेर पहिली रात्र तुम्ही कोणत्या साली काढली, आणि कोणत्या निमित्ताने? काहींचे उत्तर 'कधीच नाही' असे येईल. तेही साल घालून लिहून ठेवावे.