किल्ल्यात मुक्काम, महालात जेवण

पांढरकवड्यात बसून महालातल्या हॉटेलांवर बोलायचं, म्हणजे थोडं गमतीचंच वाटेल. पण एप्रिल १८१८ मध्ये शनिवारवाड्याचा धनी, दुसरा बाजीराव, इंग्रजी फौजा चुकवत याच मुलखात आला होता. जवळच शिवनीला कर्नल अ‍ॅडम्सने त्याचा पराभव केला. ज्याच्या वाड्यात पंगती उठायच्या, तो इथे छावणीत रात्री काढत होता. वाडा कुणाचा कायमचा नसतो, हे आपल्या मातीने जवळून पाहिलं आहे.

मग धनी गेल्यावर त्या भिंतींचं करायचं काय?

फ्रान्समध्ये सरदार-जमीनदारांच्या गढीवजा वाड्यांना शातो म्हणतात. अशा वास्तूंचं छप्पर राखायचं तरी खर्च मोठा, म्हणून अनेक शातोंत पैसे देऊन राहणारे पाहुणे आले. १९५४ मध्ये पॅरिस ते नीस या वाटेवरच्या आठ हॉटेलांनी मिळून एक संघटना काढली. तीच पुढे 'रले ए शातो' या नावाने जगभर पोचली. तिथे जेवण हे मुक्कामाइतकंच महत्त्वाचं असतं.

आपल्याकडे उदयपूरचा लेक पॅलेस १९६३ मध्ये हॉटेल झाला. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि ही वाट रुंदावली. राजस्थानातला नीमराणा किल्ला तर पडका होता. अमन नाथ आणि जन्माने फ्रेंच असलेले फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी तो उभा केला आणि १९९१ मध्ये पाहुण्यांना खुला केला. हॉटेल नसतं, तर त्या भिंती आज असत्या का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण आता तेरेखोलला या. सावंतवाडीकर भोसल्यांनी खाडीच्या मुखाशी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. आत सेंट अँथनीचं चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या तुकडीने इथे तिरंगा फडकवला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. याच किल्ल्यात पुढे हॉटेल निघालं, सात खोल्यांचं. खोल्यांना नावं कुठली? आठवड्याच्या सात वारांची! समुद्राकडे बघत माशाचं जेवण जेवायचं आणि 'शुक्रवार'मध्ये झोपायचं. झेंड्याची ती तारीख पाहुण्याला कुणी सांगायची?

सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातले किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याची बातमी आली, तेव्हा केवढा संताप उसळला, आठवत असेल. शिवरायांचे किल्ले देणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो संताप खरा होता. पण संतापाने चिरे जागेवर राहत नाहीत, हेही खरंच. किती गडांची तटबंदी कुणाच्याही जेवणावळीशिवाय ढासळली!

माझं म्हणणं एवढंच. राजाच्या राहत्या महालात पाहुणा झोपला, तर काही बिघडत नाही. तो घराचाच वापर आहे. पण जिथे लोकांनी जीव धोक्यात घातला, तिथे दार आधी लोकांना उघडं हवं. खोलीचं भाडं न परवडणाऱ्या शाळकरी पोरालाही तटावर चढता आलं पाहिजे. दार लोकांसाठी उघडं असेल, तर मग पाहुण्यांचं ताट खुशाल वाढा.