नाच कोणाचा, नोंद कोणाची?

हॉलंडमधील आम्स्टरडॅम शहरात दर वर्षी ऑक्टोबरमध्ये पाच दिवस ‘आम्स्टरडॅम डान्स इव्हेंट’ नावाचा मेळावा भरतो. दिवसा परिसंवाद आणि धंद्याचे करार, रात्री शहरभरच्या क्लबांतून हाउस, टेक्नो ह्या प्रकारांचे यांत्रिक नृत्यसंगीत, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. १९९६ साली तो सुरू झाला तेव्हा सुमारे ३०० प्रतिनिधी आणि तीन क्लब एवढाच त्याचा व्याप होता. आता त्याला चार लाखांहून अधिक माणसे येतात. एवढा मोठा बाजार उभा राहतो तेव्हा आपण एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : हे संगीत कोणी निर्माण केले, आणि त्याची मालकी कोणाकडे गेली?

उत्तरासाठी अमेरिकेतील शिकागो शहराकडे वळावे लागते. तेथे १९७७ साली ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब निघाला. त्यात येणारे बहुसंख्य तरुण काळे, लॅटिन आणि समलिंगी होते. गोऱ्यांच्या समाजात कातडीमुळे, आणि पुष्कळदा स्वतःच्या घरात व चर्चमध्ये समलिंगी म्हणून, असे दुहेरी बहिष्कृतपण त्यांच्या वाट्याला आले होते. फ्रँकी नकल्स हा काळा तरुण तेथे डिस्कोच्या तबकड्या वाजवी, त्यांतले तुकडे जोडून ताल लांबवी. ‘हाउस’ हे नाव ह्या क्लबवरूनच पडले, असे सामान्यतः मानले जाते.

प्रस्थापितांची प्रतिक्रिया त्याच शहरात उमटली. १२ जुलै १९७९ रोजी कोमिस्की पार्क ह्या बेसबॉलच्या मैदानावर, एका रेडिओ-निवेदकाच्या पुढाकाराने, हजारो गोऱ्या तरुणांसमोर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून देण्यात आल्या. व्हिन्स लॉरेन्स हा काळा मुलगा त्या दिवशी तेथे प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करीत होता. लोक नुसत्या डिस्कोच्याच नव्हे, तर डिस्कोशी संबंध नसलेल्या काळ्या गायकांच्याही तबकड्या घेऊन आले होते, हे त्याने पाहिले. राग तालावर नव्हता. तो ताल ज्यांचा होता त्यांच्यावर होता.

हाच लॉरेन्स पुढे जेसी सॉन्डर्सबरोबर ‘ऑन अँड ऑन’ ह्या १९८४ सालच्या गाण्याच्या निर्मितीत होता. हाउस संगीताच्या अगदी पहिल्या तबकड्यांत तिची गणना होते. ह्या पिढीजवळ स्टुडिओ नव्हते. स्वस्तात मिळणारी तालयंत्रे होती. मार्शल जेफरसन तर टपालखात्यात नोकरी करीत गाणी रचत होता. जानेवारी १९८७मध्ये स्टीव्ह हर्लीचे ‘जॅक युअर बॉडी’ इंग्लंडच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी आम्स्टरडॅममध्ये रॉक्सी हा क्लब उघडला आणि हॉलंडमध्ये हाउस रुजविण्यात त्याने मोठा वाटा उचलला.

गाणी समुद्रापार गेली. पैसा मात्र निर्मात्यांच्या घरी त्या प्रमाणात आला नाही. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स ह्या शिकागोच्या दोन कलावंतांनी, आपल्या मानधनाचा व हक्कांचा हिशेब मिळाला नाही म्हणून, ट्रॅक्स रेकॉर्ड्स ह्या कंपनीविरुद्ध २०२० साली दावा लावला. २०२२ साली तडजोड झाली आणि त्यांच्या गाण्यांचे हक्क त्यांना परत मिळाले. गाण्यांना तोवर साडेतीन दशके उलटली होती. २०२३ साली शिकागोने वेअरहाउसच्या इमारतीला वारसास्थळाचा दर्जा दिला. नकल्स २०१४ सालीच वारला होता. समाज भिंतींचा गौरव करतो, तेव्हा पुष्कळदा त्या भिंतींत घाम गाळणारा माणूस उरलेला नसतो.

येथे केवळ ‘चोरी’ म्हणून थांबणे मला पुरेसे वाटत नाही. डच तरुणांचे ह्या संगीतावरचे प्रेम खरे आहे, आणि शिकागो-डेट्रॉइटचे कलावंत आम्स्टरडॅमला येऊन वाजवितातही. फरक प्रतिभेचा नसून संस्थेचा आहे. आम्स्टरडॅमचा मेळावा वाढला तो ब्युमा ह्या संगीतकारांच्या हक्कसंस्थेच्या आश्रयाने, आणि ती संस्था १९१३ साली स्थापन झालेली. एका बाजूला नोंद, करार, वसुली आणि वकील ह्यांची कित्येक दशकांची परंपरा. दुसऱ्या बाजूला टपालातली नोकरी सांभाळून रात्री गाणे रचणारा तरुण. ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती बाजार, हेच ह्या इतिहासाचे सार आहे.

१९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीकडून घेतले. त्या नात्याने हा इतिहासही आपल्या कामाचा आहे. हलगीचा ताल, जलशाचे गाणे, भीमगीतांच्या कॅसेटी ह्यांच्या मागे कोणते शाहीर, कोणते वादक होते? त्यांचे हक्क कोणाच्या नावावर आहेत? पुष्कळ जाणते आज हयात आहेत. प्रत्येक महाविद्यालयातल्या दहा विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतली नावे, साल आणि करार लिहून काढले, तर ती हक्काची पहिली वही होईल. विद्रोहाला आवाज लागतो. पण त्या आवाजाची नोंद आपण ठेवली नाही, तर दुसरे कोणी ती आपल्या नावावर ठेवील.