मोजणीबाहेरचे पाणी

बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडी आणि तिच्या परिसरातली कन्हेरी ही गावे ज्या पट्ट्यात येतात, त्या पट्ट्याच्या दक्षिणेस नीरा आणि उत्तरेस भीमा अशा दोन नद्या पूर्वेकडे वाहत जातात, आणि इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नरसिंहपूरच्या नृसिंहमंदिरापाशी, त्यांचा संगम होतो. या दोन पाण्यांच्या मधला मुलूख मात्र पिढ्यान्‌पिढ्या पावसाची वाट पाहत जगलेला; म्हणून त्याचा जो इतिहास लिहिला गेला तो जमिनीचा, जमाबंदीचा, दुष्काळाचा आणि पुढे कालव्याचा व उसाचा. कन्हेरीचा मारुती निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ त्याच्यापुढे फुटतो म्हणून महाराष्ट्रभर ठाऊक आहे. पण त्याच मुलखातल्या नद्यांवर जाळे टाकून जगणाऱ्या माणसांनी आपापसांत कोणती मर्यादा पाळली, मासळीची चांगली जागा कोणाची मानली, आणि परक्या माणसाला ती दाखवावी की दाखवू नये या प्रश्नाचा निवाडा कसा केला, याचा शोध घ्यावा असे फारसे कोणाला वाटलेले नाही. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण कागदावर हक्क नोंदलेला नसताना माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे त्यात जितके स्पष्ट दिसते तितके सातबाराच्या उताऱ्यात कधी दिसत नाही.

आणि कागदावरचा हक्क व न लिहिलेली मर्यादा यांतला हा विरोध इंदापूर तालुक्यात सर्वांत ठळक व्हावा हे विशेष आहे. पेशवाईच्या अस्तानंतर प्रिंगल साहेबाने दख्खनेत जी मोजणी आणि आकारणी केली ती इतकी जड व विषम ठरली की इंदापुरातील रयत जमिनी टाकून परागंदा होऊ लागली. तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अंमलदारांनी इंदापूर तालुक्यातच नव्याने पाहणी आरंभली, तीस वर्षांसाठी सारा कायम केला, आणि त्या अनुभवातून जी पद्धत सिद्ध झाली ती पुढे सबंध मुंबई इलाख्यास लागू झाली. शंकुसाखळी ओढत मोजणीदार शेताशेतांतून फिरले, बांधांच्या कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, आणि ज्याच्या नावावर क्रमांक त्याच्याकडे सारा, ज्याच्याकडे सारा त्याचा कब्जा, असा सरळ हिशेब कुळकर्ण्याच्या दप्तरात मांडला गेला. नदीचे पात्र मात्र या क्रमांकांच्या बाहेर राहिले. पात्रातील डोहाला दगड लागला नाही, नकाशात त्याची हद्द निघाली नाही. आणि १८७९ च्या जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमाने नद्या, ओढे, तलाव आणि त्यांतले वाहते व साचलेले पाणी, खाजगी हक्क सिद्ध नसेल तेथवर, सरकारच्या मालकीचे ठरवून टाकले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने डोह सर्वांचा झाला, किंवा कोणाचाच राहिला नाही. आणि तरीही तो कोणाचा हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते.

ते कसे, हे समजण्यासाठी धरणांपूर्वीची भीमा आणि नीरा डोळ्यांपुढे आणली पाहिजे. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी फाल्गुन-चैत्रात आटत जाई, धार तुटे, आणि खडकाच्या खोलगट भागांत पाणी धरून राहिलेले डोह तेवढे मागे उरत. मरळ, वांब, शिंगाडा ही सारी मासळी त्या डोहांत कोंडली जाई. अशा वेळी डोह उपसून काढणे अवघड नसते. चार माणसे आणि एक लांब जाळे एवढ्यावर वर्षभराचे बीज एका दिवसात नाहीसे करता येते. मासे धरण्यातील शिष्टाचाराचा उगम या सोपेपणात आहे, असे मला वाटते. जेथे मासा मिळणे कठीण तेथे मर्यादेची गरज पडत नाही. तो जेथे कोंडलेला आणि हाताशी आलेला असतो तेथेच माणसाला स्वतःला आवरावे लागते.

ही जबाबदारी या मुलखात मुख्यतः भोई समाजाकडे आली. पालखी-मेणा वाहणे, नदी उतरवणे आणि मासे धरणे असे तिहेरी काम करणारा हा समाज नदीकाठच्या गावांना आवश्यक होता. पूर आला असता वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर किंवा गूळ आटवण्याच्या काहिलीत बसवून माणसे पैलतीरी नेणारे हात आणि उन्हाळ्यात डोहात जाळे सोडणारे हात बहुधा एकच असत. ज्याच्या हाती आपला जीव देऊन आपण पूर ओलांडतो, त्याच्या डोहात आपण परभारे जाळे टाकू नये, एवढी जाणीव गावाला असणे स्वाभाविक होते. हा हक्क मोबदल्यातून आलेला होता. धंद्यांवरील मोहतर्फा कर १८४४ मध्ये इंग्रज सरकारने रद्द केला, नदीवरच्या तरी १८६८ च्या कायद्याखाली सरकारी नियंत्रणात आल्या, पूल झाले, पालख्या संपल्या. सेवेची बाजू एकेक करून गळून पडली आणि हक्काची बाजू केवळ सवयीच्या आधारावर उभी राहिली.

या हक्काच्याही वर एक मर्यादा होती, ती देवाची. इंद्रायणीकाठी देहू येथे, किंवा महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या सान्निध्यात, डोहातले मासे कोणी धरीत नाही. भाविक त्यांना कुरमुरे घालतात आणि हातहात लांबीचे मासे निर्भयपणे काठाशी येतात. आजच्या मत्स्यविज्ञानाला जे राखीव क्षेत्र अभिप्रेत आहे तेच येथे श्रद्धेने राखले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, कारण अशा डोहात वाढलेली मासळी पुराबरोबर खाली उतरते आणि ज्यांनी तो डोह कधी पाहिलाही नाही अशांच्या जाळ्यात जाते. इंग्रजी अमलात १८९७ चा मत्स्यकायदा आला त्याने सुरुंगाची दारू आणि विष यांनी मासे मारण्यास बंदी केली. गेळफळ ठेचून पाण्यात कालवले की मासे गुंगून वर येतात, हे ज्ञान रानात राहणाऱ्यांना पूर्वीपासून होते. सुरुंगाची दारू ही रस्ते आणि खाणी यांच्याबरोबर आलेली नवी आपत्ती. डोहाची जागा कोणी कोणाला सांगावी, याबद्दल तो कायदा अर्थातच मौन बाळगून आहे.

जगात इतरत्रही कायदा येथपर्यंतच येऊन थांबतो. फिनलंडमध्ये हिवाळ्यात सरोवरे गोठली म्हणजे बर्फाला भोक पाडून, त्यातून आखूड गळ सोडून मासे धरण्याची मोठी आवड आहे, आणि साध्या गळाने असे मासे धरण्याचा अधिकार तेथील कायद्याने परवान्यावाचून प्रत्येकाला दिलेला आहे, मग तो त्या गावचा असो वा नसो. पण दुसऱ्याच्या भोकापासून किती दूर बसावे, एखाद्याला मासे लागू लागले की त्याच्याभोवती गर्दी करावी काय, हे कायदा सांगत नाही, सांगूही शकत नाही. तेथेही गळ सर्वांना खुला आणि जाळ्याला मात्र निर्बंध, असा भेद आहे, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या नीरा-भीमेकाठी हा भेद कोणाला समजावून द्यावा लागत नाही: दरडीवर गळ टाकून बसलेल्या पोराकडे कोणी संशयाने पाहत नाही, पण अनोळखी होडीतून जाळे पाण्यात उतरू लागले की काठावर माणसे उभी राहतात.

हे कोतेपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल. ज्या वाटेवर काटेवाडी आहे तीच तुकोबांच्या पालखीची वाट. दर आषाढीला येथे परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि पुढे सराटीला नीरेच्या पात्रात तुकोबांच्या पादुकांना स्नान घडते. नावगाव न विचारता हजारो परक्यांना पाणी, भाकरी आणि पडवी देणारा हा मुलूख आहे. तोच मुलूख मासळीच्या जागेबद्दल विचारले असता बोलणे दुसरीकडे वळवतो, कारण भाकरी दिली तर एका वेळची जाते आणि जागा दिली तर ती दिलेल्याच्या हातून पुढे कोठे जाईल याचा नेम राहत नाही.

नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि त्याने या भागाचे रूप पालटले. परंतु मासळीच्या इतिहासात त्याचा वाटा लहान आहे. खरी उलथापालथ झाली ती १९८० मध्ये भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले तेव्हा. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठवणाऱ्या या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे आणि त्याचा फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळा, माढा, कर्जत अशा तालुक्यांत पसरला आहे. गोल्डस्मिड-विंगेट यांच्या मोजणीदारांनी ज्या तालुक्यात पहिले दगड रोवले, त्याच तालुक्यातील भीमाकाठची शेते आपल्या क्रमांकांसह, बांधांसह आणि विहिरींसह पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर बुडाले, ते आता पाणी फार खाली गेले तरच दृष्टीस पडते. जमीन होती तेथे पाणी आले, आणि त्याबरोबर मोजलेला मुलूख पुन्हा बिनमोजणीचा झाला. भोयांचे डोह त्या अथांग पाण्याच्या तळाशी गेल्यामुळे कोणता डोह कोणाचा हा प्रश्नच उरला नाही. शेतकऱ्याची जमीन गेली आणि भोयाचा डोह गेला, असे दोघेही एकाच वेळी आपल्याच गावच्या पाण्यावर परके झाले.

या जलाशयाची एक गोष्ट मासळीला फार मानवली. एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते, म्हणजे सिंचनाचे दरवाजे ज्या पातळीखाली पोचत नाहीत त्या पाण्यात. त्यामुळे शेतीला दुष्काळ असला तरी माशाला तळाशी आसरा उरतो. कटला, रोहू, मृगळ वाढले, बाहेरून आलेली चिलापी तर सर्वत्र माजली, भिगवणला मासळीचे लिलाव भरू लागले, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला त्यांच्यापैकीही अनेकांनी जाळे हाती घेतले. आणि येथेच जुन्या ज्ञानाला विलक्षण वळण मिळाले. पाण्याखालच्या विहिरी, पडके वाडे, आमराईची उरलेली खोडे, दगडी बांध, या सर्व ठिकाणी मासा आसऱ्याला राहतो, आणि नेमक्या याच ठिकाणी जाळे अडकून फाटते, होडीचा तळ लागतो. अर्थात ज्याला आपली विहीर कोठे होती हे आठवते त्याला मासा कोठे आहे हेही कळते. इंदापूरची जमीनमोजणी, तिच्या कर्त्यांना स्वप्नातही आले नसते अशा रीतीने, मासेमारीचे शास्त्र होऊन बसली.

मग परक्याला काय सांगावे? माझे मत मी स्पष्ट मांडतो. पाण्याखालची एकच विहीर माशाचे घर म्हणून सांगता येते आणि होडीचा धोका म्हणूनही सांगता येते, आणि या दोन सांगण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले सांगणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावे. ते ज्ञान कष्टाने, जाळी फाटून, रात्री जागून मिळवलेले असते आणि ते राखून ठेवणाऱ्याला कोणी कृपण म्हणू नये. दुसरे मात्र न विचारताही सांगितलेच पाहिजे. मे २०२४ मध्ये करमाळ्याकडील कुगावहून इंदापूरकडील कळाशीला येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडून मेले. या पाण्यावर वारा केव्हा उठतो, लाट कोणत्या बाजूने येते, कोणत्या वेळी होडी घालू नये, हे जे जे ज्याला ठाऊक आहे ते सर्वांच्या मालकीचे आहे. जुन्या काळी पुरात सांगड घालून उतारूला पार करणे हे भोयाचे जे कर्तव्य होते, त्याचाच हा आजचा अंश होय.

उलट अंगाने, परकाही काही देणे लागतो. अलीकडे उजनीवर स्थानिक मच्छीमारांची मोठी तक्रार आहे ती बाहेरून येणाऱ्यांच्या बारीक आसाच्या जाळ्यांविषयी आणि ज्याला तेथे वडाप म्हणतात त्या ओढून काढण्याच्या पद्धतीविषयी, कारण तीत बोटभर पिल्लेही सुटत नाहीत. या तक्रारीत परप्रांतीय हा शब्द वारंवार येतो, आणि तेवढ्यापुरते मला थांबून सांगावेसे वाटते की बारीक जाळे गावच्या माणसाच्या हाती असले तरी ते तितकेच घातक असते. दुसऱ्याच्या बोयांना हात न लावणे, त्याच्या जाळ्यावर आपले जाळे न सोडणे, मृगाच्या पुरात अंड्यांनी भरलेली चढणीची मासळी अडवून न धरणे, आणि पिल्लू निसटेल एवढा जाळ्याचा आस ठेवणे, इतके जो पाळतो त्याला या पाण्यावर परका मानण्याचे कारण मला दिसत नाही. आणि जो पाळत नाही त्याची सात पिढ्यांची वस्ती काठावर असली तरी त्याचा दावा मी मानणार नाही.

या वादाला एक उपाय या मुलखाच्या दप्तरातच पडून आहे. बुडालेल्या गावांचे जुने गावनकाशे भूमी अभिलेखाच्या संग्रहात आहेत. त्यांत शेतांचे क्रमांक आहेत, ओढे आहेत, वस्तीच्या जागा आहेत, आणि त्या गावांत वाढलेली, विहिरींच्या जागा बोटाने दाखवू शकणारी माणसे आज वृद्ध झाली आहेत. ती हयात आहेत तोवर मत्स्यव्यवसाय खात्याने आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी मिळून हे नकाशे आजच्या जलाशयावर बसवून घ्यावेत, होड्यांना धोक्याची ठिकाणे सर्वांसाठी खुणांनी जाहीर करावीत, आणि प्रत्येक बुडीत गावामागे एखादी जागा, जेथे मासा विणीला येतो अशी, कोणीही जाळे न टाकण्यासाठी सोडून द्यावी. कोणती जागा सोडायची हे त्या त्या गावच्या भोयांनी आणि विस्थापितांनी एकत्र बसून ठरवावे. आरंभ पळसदेवापासून करावयास हरकत नाही: पळसनाथाच्या बुडालेल्या देवळाभोवतीचे पाणी राखीव ठरवले तर वाळण कोंडीत आणि देहूला जे घडले ते येथेही घडू शकेल, आणि ते पाणी कोणत्या तालुक्यातल्या कोणत्या गावाने राखावे यावर मात्र पळसदेवकरांचा पहिला हक्क मान्य करावा लागेल.