एल्व्हा नदीचे कंत्राट

धरणे बांधल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. धरण उतरवल्याची कथा क्वचितच कानी पडते. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, एल्व्हा नावाची सुमारे ७२ किलोमीटर लांबीची नदी आहे. ऑलिंपिक पर्वतात उगम पावून ती उत्तरेस समुद्राला मिळते. तिच्या काठी क्लॅलम लोकांची पूर्वापार वस्ती. समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मनदीत परतणारा सॅमन मासा हे त्यांचे अन्न, आणि त्यांच्या धर्मविधींचेही एक अंग.

१९१० साली या नदीवर काँक्रीटचे पहिले धरण बांधावयास प्रारंभ झाला. त्याचा पाया पक्क्या खडकापर्यंत नेलेला नव्हता. ऑक्टोबर १९१२ मध्ये तो पाण्याच्या दाबाने खालून फुटला. दगडमातीचा भराव घालून भगदाड बुजवण्यात आले आणि पुढे वीजनिर्मिती सुरू झाली. माशांना वर जाण्यास वाट ठेवावी, असा राज्याचा कायदा होता. पण वाट ठेवली गेली नाही. तिच्याऐवजी काढलेले मत्स्यपैदास केंद्रही १९२२ मध्ये बंद पडले. १९२७ मध्ये वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅनियन हे ६४ मीटर उंचीचे दुसरे धरण उभे राहिले. समुद्रातून येणाऱ्या माशाला नदीचे केवळ मुखाजवळचे काही किलोमीटरच उरले.

क्लॅलम लोकांनी हा प्रश्न कधी सोडला नाही. अखेर १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नदीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा केला आणि २००० मध्ये सरकारने दोन्ही धरणे विकत घेतली. २०१० मध्ये ती उतरवण्याचे कंत्राट मोंटाना राज्यातील बार्नर्ड कन्स्ट्रक्शन कंपनीला सुमारे २ कोटी ६९ लाख डॉलरला देण्यात आले. संपूर्ण योजनेचा खर्च मात्र सुमारे ३२ कोटी ५० लाख डॉलर होता. म्हणजे फोडण्याचे मोल एकूण खर्चाच्या बाराव्या हिश्श्याइतके. उरलेला पैसा धरणांच्या खरेदीत, जलशुद्धीकरण केंद्रांत, पूररोधक बांधांत आणि उघड्या पडणाऱ्या जमिनीवर झाडे लावण्यात खर्ची पडला.

असे का व्हावे? कारण भिंतीइतकाच भिंतीमागे जे साचले होते त्याचा विचार करावयाचा होता. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ होता. तो एकाएकी सुटता, तर खालची नदी आणि नळाचे पाणी दोन्ही बिघडली असती. म्हणून किती फोडावे याबरोबरच केव्हा थांबावे, हेही कंत्राटदाराला बांधून दिलेले होते. मासे नदीत येण्याजाण्याच्या ठरावीक काळात फोडकाम बंद ठेवावे लागे.

सप्टेंबर २०११ मध्ये काम सुरू झाले. खालच्या धरणापाशी नदी एका अंगाला वळवायची आणि दुसरे अंग फोडायचे, असे करीत मार्च २०१२ मध्ये ते धरण नाहीसे झाले. वरच्या धरणावर तराफ्यावरील यांत्रिक हातोड्याने माथ्यापासून थराथराने काँक्रीट उतरवले गेले; पुढे सुरुंग लावले. मध्यंतरी पाणीपुरवठ्याची यंत्रणा गाळाने तुंबली, तेव्हा ते फोडकाम सुमारे वर्षभर थांबले. ऑगस्ट २०१४ मध्ये शेवटचा भाग निघाला.

खालचा जलाशय ओसरल्यावर, आपल्या वंशाची उत्पत्ती जेथे झाली असे क्लॅलम लोक मानतात, ते पाण्याखाली गेलेले पवित्र स्थळ २०१२ मध्ये त्यांना पुन्हा दिसले. वाहून आलेल्या वाळूने नदीमुखाशी नवा किनारा घडवला. २०१४ मध्येच सॅमन वरच्या धरणाच्या जागेपलीकडे पोहोचला. तरी नदीतील मासेमारी लगेच खुली झाली नाही. २०११ पासून स्वतःहून पाळलेल्या बंदीनंतर, २०२३ च्या शरदात क्लॅलम लोकांनी विधीपुरते व घरच्या अन्नापुरते मर्यादित मासे धरले.

एका शतकापूर्वी कायद्याने मागितली होती ती केवळ माशांसाठी एक वाट. ती नाकारण्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली, आणि तिचा सर्वांत मोठा वाटा क्लॅलम लोकांच्या माथी आला.