चाकणच्या आधी फलटण

हा एपिसोड ऐकताना तुमच्यातले निम्मे जण चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेले असणार. मीही रोज तिथेच असतो, म्हणून आज गाडीबद्दलच बोलू.

मी बॅटरी मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. चार्ज किती उरलाय, सेल किती तापलेत, हे बघणारा कोड. आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाटतं, आणि मलाही वाटायचं, की आपल्याकडची इलेक्ट्रिक गाडी ही गेल्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. २०२० मध्ये इलेक्ट्रिक चेतक आली, मग महिंद्राच्या गाड्या चाकणमधून निघायला लागल्या, वगैरे. मध्यंतरी एका प्रेझेंटेशनसाठी जुने पेपर शोधत होतो, तर ‘करंट सायन्स’मधला २००२ चा एक लेख सापडला. विषय इलेक्ट्रिक रिक्षा. लेखकाचा पत्ता मी दोनदा वाचला. फलटण, जिल्हा सातारा!

तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, ‘नारी’. विद्यापीठ नाही, कॅम्पस प्लेसमेंट नाही. १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी ती सुरू केली, मुख्यतः शेतीसाठी. करडई, मेंढ्या असं काम. १९८१ मध्ये तिथे अनिल राजवंशी आले. आयआयटी कानपूरचे बीटेक, एमटेक, मग फ्लोरिडा विद्यापीठातून पीएचडी. अमेरिका सोडून थेट फलटण. (माझी अर्धी बॅच उलट्या दिशेने गेलीय, त्यामुळे हे वाचून जरा थांबलोच.)

त्यांचं एक काम मला फार आवडलं. गोड ज्वारी. वर कणसात धान्य, खाली ताटात साखर. ताटाचा रस आंबवायचा, त्यातून अल्कोहोल काढायचं आणि त्यावर घरातली चूल अन् कंदील चालवायचा. शुद्ध अल्कोहोल भडकतं आणि ते काढायला खर्चही जास्त. म्हणून त्यांनी निम्मं पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारा स्टोव्ह बनवला. चांगलं चाललेलं ना? पण निम्मं पाणी, निम्मं अल्कोहोल म्हणजे सरकारी नजरेत काय? दारू! अबकारी कायदा आडवा आला. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड रन होत होता, परमिशन डिनाइड.

रिक्षाचं काम १९९५ च्या सुमारास सुरू झालं. पायडल मारून माणसं ओढणाऱ्याचे कष्ट कमी करायचे आणि शहरातला धूरही. सुधारलेली सायकल रिक्षा, पायडलला मोटरची मदत असलेली रिक्षा आणि पूर्ण इलेक्ट्रिक, असे प्रकार त्यांनी बनवले. डीसी मोटर आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या. लिथियम तेव्हा परवडणाऱ्यातलं नव्हतंच.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहितीये. २०१० नंतर दिल्लीत बाहेरून सुटे भाग आणून जोडलेल्या ई-रिक्षा धडाधड रस्त्यावर आल्या. ना नोंदणी, ना लायसन्स. २०१४ च्या जुलैत दिल्ली हायकोर्टाने त्या बंद केल्या. २०१५ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हा कुठे त्या अधिकृत झाल्या. म्हणजे फलटणला काम सुरू झालं, त्यानंतर वीसेक वर्षांनी.

हे सगळं मला कळलं कसं? त्यांनी लिहून ठेवलं म्हणून. नारीचे पेपर त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, लॉगिन नाही, पेमेंट नाही. स्टोव्ह कुठे अडला तेही लिहिलंय. हे वाचताना मला माझंच आठवलं. पहिल्या नोकरीत आम्ही चौघांनी दीड वर्ष बदलता येणाऱ्या बॅटरीवर काम केलं. प्रोजेक्ट बंद झाला, रेपो लॉक झाली. एनडीए सही केलेला, त्यामुळे काय चुकलं हेही कुणाला सांगता येत नाही. उद्या कुणीतरी तीच चूक दीड वर्ष करणार.

राजवंशींना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मला नाव तेव्हाही ठाऊक नव्हतं.

तो २००२ चा पेपर प्रिंट काढून डेस्कवर ठेवला होता. शेजारचा सहकारी फलटणचा निघाला. बघून म्हणाला, “अरे, ही संस्था होय? शाळेतून आम्हाला तिथे मेंढ्या बघायला न्यायचे.”